तळव्याला लागलेली ऊब

आमच्या गल्लीत एकच डॉक्टर आहे आणि तो सोफे दुरुस्त करतो.

ही पदवी मीच बहाल केलेली. झालं असं की आमचा सोफा बसला होता, म्हणून त्यांना वर बोलावलं. आले, पण ना टेप काढली ना चहाला हो म्हणाले. सोफ्यापुढे गुडघे टेकले, डोळे मिटले आणि उजव्या हाताचा तळवा गादीवर सपाट ठेवला. दाबला. थोडा सरकवला. पुन्हा दाबला. आम्ही घरातले सगळे भोवती पेशंटच्या नातेवाइकांसारखे उभे. बऱ्याच वेळाने डोळे उघडून म्हणाले, "डाव्या बाजूची स्प्रिंग गेलीय. काथ्याचा चुरा झालाय. आणि मागच्या कोपऱ्यात कुणाचं तरी पेन आहे."

पेन निघालं. आमच्याच ह्यांचं, वर्षभर माझ्यावर आळ घेतलेलं.

मी म्हटलं, "डॉक्टर, पेशंट वाचेल ना?" झालं. तेव्हापासून ते डॉक्टर. त्यांची बायको डॉक्टरीणबाई. त्या दुकानाच्या मागच्या बाजूला मशिनवर बसून कव्हरं शिवतात, आणि तोंडात कायम टाचण्या असल्यामुळे बोलत नाहीत. त्यांचा संसार इतका सुखाचा कसा, याचं मला सापडलेलं कारण एवढंच.

डॉक्टरांचं दुकान माझ्या खिडकीच्या बरोबर खाली. मी कान लावून ऐकते असं गल्लीत बोललं जातं. साफ खोटं. कान लावावे लागतच नाहीत. डॉक्टरांचे हात कायम कामात, त्यामुळे फोन आला की तो स्पीकरवर टाकून ठेवायचा, ही त्यांचीच पद्धत. मग मी काय खिडकी बंद करून घेऊ?

दुकान वडिलांचं. वडील म्हणजे कडक माणूस. मुलाच्या डोळ्यांवर फडकं बांधून, गादीत कधी बटण, कधी खडू, कधी नुसता दोऱ्याचा गुंता लपवायचे आणि तळव्याने शोधायला लावायचे. सापडलं नाही तर जेवण उशिरा. डॉक्टर हे सांगताना वडिलांवर रागावत नाहीत, उलट छाती फुगवतात. "डोळ्यांचं काय घेऊन बसलात वहिनी," असं म्हणत हात माझ्या नाकासमोर धरतात, "हा बघा. हा आजवर चुकला नाही." हात खरंच बघण्यासारखा आहे. बोटं घट्टे पडून राकट झालेली, पण तळव्याचा मधला भाग लहान मुलासारखा मऊ. ते तिथे रोज तेल लावतात. डॉक्टरीणबाईंनीच एकदा टाचण्या काढून मला सांगितलंय.

तर अशा या डॉक्टरांना जगात एकाच व्यक्तीची भीती. मोठ्या बाई. अर्धी गल्ली ज्या शाळेत शिकली तिथल्या या मुख्याध्यापिका, आता निवृत्त. पलीकडच्या रस्त्याला एकट्या राहतात. बैठं घर, पुढे व्हरांडा, व्हरांड्यावर ओणवं झालेलं एक जुनं झाड. बाई समोर आल्या की पन्नाशीचा हा माणूस अजून हात मागे बांधून उभा राहतो.

बाईंचा व्हरांड्यातला लांब सोफा नवा करायचं ठरलं होतं. माप झालं, कापड पसंत झालं. आणि मग एक दिवस बाईंचा फोन आला. मी तेव्हा दुकानातच होते, उशीची चेन बदलायला.

"अरे, सोफा इतक्यात नेऊ नकोस हं," स्पीकरवर बाईंचा वर्गातला आवाज. "खालच्या भोकातून खार आत-बाहेर करतेय. तोंडात चिंध्या, कापूस, काय काय घेऊन जाते. पिल्लं असणार आत."

"बरं बाई."

"ती मोठी होऊन बाहेर पडली की मी कळवते."

"हो बाई. तुम्ही म्हणाल तेव्हा."

फोन बंद झाल्यावर डॉक्टर मला म्हणाले, "बाईंना आता जिकडे तिकडे वर्ग दिसायला लागलाय. सोफ्यातसुद्धा मुलं भरलीत म्हणे!"

मी हसले. विनोद चांगला होता, हसायचं नाही तर काय.

त्यानंतर बाई दोन दिवस बहिणीकडे गेल्या. त्याच सुमारास डॉक्टरांचा एक तयार सोफा बाईंच्याच रस्त्याला पोचवायचा होता. टेंपो येताना रिकामा. व्हरांड्याला ना दार ना कुलूप. डॉक्टरांच्या मनात आलं, बाई परत यायच्या आत सोफा नवाकोरा करून जागेवर ठेवू, बाई खूश होतील. तळव्याने तपासला, टेंपोवाल्याला हाक मारली, उचलला.

सोफा दुकानात उतरताना मी वरून विचारलं, "काय हो, बाईंनी हो म्हटलं वाटतं?"

डॉक्टरांनी मान वर करून नुसता तळवा दाखवला. "तपासलाय वहिनी. आत काही नाही."

मग हातोडीचा आवाज सुरू झाला. जुनं कापड फाडल्याचा आवाज. आणि मग एकदम सगळं थांबलं. डॉक्टरांची हातोडी मध्येच थांबत नाही, हे मला पंचवीस वर्षांच्या शेजाराने माहीत. मी लगेच गेले असते, पण गॅसवर दूध होतं आणि दुधाला माझ्या उत्सुकतेचं सोयरसुतक नसतं. ते उतू जाऊ न देता, गॅस बंद करून, पदर सारखा करून खाली पोचेपर्यंत थोडा वेळ गेलाच.

बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात कापसावर दोन पिल्लं होती. माझ्या करंगळीएवढी, डोळे मिटलेले, पाठीवर पट्ट्यांची नुसती पुसट खूण, आणि शेपटी म्हणजे सुतळीचा तुकडा. शेजारी दुधाची वाटी. डॉक्टर हातातला चमचा फडक्याने पुसत होते. पुसून झाला होता, तरी पुसत होते. डॉक्टरीणबाई मशिनवर बसल्या होत्या, पण पाय हलत नव्हता.

"अगं बाई! खरंच निघाली की! आणि आई?"

"नाही."

"नाही म्हणजे?"

"गेली."

"कुठे गेली?"

"वहिनी, गेली म्हणजे गेली!"

आता या उत्तराचा मी काय अर्थ घ्यायचा? जो कुणीही घेईल तो घेतला. दुपारच्या आत सगळ्या गल्लीला कळलं की डॉक्टरांकडे दोन अनाथ पिल्लं आलीत. कसं कळलं ते विचारू नका.

इस्त्रीवालीने फ्लॅनेलचा मऊ तुकडा गरम करून आणला. सलूनवाल्याने कुणा जनावरांच्या डॉक्टरिणीचा नंबर आणला. आमच्या डॉक्टरांनी खऱ्या डॉक्टरला फोन लावला, अर्थात स्पीकरवर.

"आई मेलेली पाहिलीत का तुम्ही?" तिकडून पहिला प्रश्न हाच. "स्वतःच्या डोळ्यांनी?"

डॉक्टरांनी बायकोकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग छताकडे.

"हो."

"नक्की ना? कारण पुष्कळदा आई जवळपासच असते. पिल्लं जिथं होती तिथंच उबदार ठेवली आणि आपण लांब झालो, की ती येऊन उचलून नेते. माणसानं वाढवण्यापेक्षा ते केव्हाही बरं."

"मेलीय मॅडम ती."

"ठीक. मग नीट ऐका. आधी ऊब, मग खाणं. गार पिल्लाला काहीही भरवायचं नाही. गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवा. दुधाची पावडर माझ्याकडून न्या. गाईचं दूध दिलं नाहीत ना?"

"न... नाही."

"देऊ नका. आणि चमच्यानं तर मुळीच नाही. नाकातून आत जातं, छाती भरते, पिल्लू तिथल्या तिथं जातं. ड्रॉपरनं, थेंब थेंब."

डॉक्टरांनी तो चमचा खणात ठेवला आणि खण लावला. मी म्हटलं, चला, आवराआवर चाललीय.

मग काय विचारता! दुकानाचं प्रसूतिगृह झालं. डॉक्टर डोळ्यांवर चष्मा चढवून थेंब थेंब पाजत होते, आणि पाजून झालं की ओल्या कापसाने पिल्लांच्या बुडाला हळूच पुसत होते, कारण तसं केल्याशिवाय इतकी लहान पिल्लं शू करत नाहीत, असं त्या जनावरांच्या डॉक्टरिणीने सांगितलेलं. राकट बोटांचा हा माणूस, त्या दोन सुतळ्यांपुढे वाकून! जो येईल तो म्हणे, "काय माणूस आहे हो! पोटच्या पोरांना कुणी इतकं करत नाही." इस्त्रीवालीचे तर डोळे भरून आले. सलूनवाल्याने फोटो काढायला फोन वर केला, तर डॉक्टरांनी तोंड फिरवलं.

मला तर पर्वणीच. "डॉक्टर, बाळंतिणीला भेटायच्या वेळा काय?" "डॉक्टर, डोहाळे कसले लागले होते, काथ्याचे का?" एरवी माझ्या एकाला ते दोन परत देतात. त्या दिवशी नुसते म्हणाले, "राहू द्या ना वहिनी."

मी म्हटलं, बघा कसा विनयशील झालाय.

संध्याकाळी दुकानाच्या दाराशी वाळक्या झाडाची जी एक कुंडी आहे, तिच्यातली माती ते तळव्याने थोपटताना दिसले. मी वरून ओरडले, "आज बागकामसुद्धा?"

"मुळं उघडी पडली होती," ते म्हणाले. वर न बघता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि इस्त्रीवाली दुकानात बाळांची चौकशी करत असताना मोठ्या बाई आल्या. हातात छत्री, चालून चालून चेहरा लाल. डॉक्टरांनी त्यांना कोपऱ्यावर येतानाच पाहिलं असणार, कारण मधोमध ठेवलेल्या त्या उघड्यावाघड्या सोफ्यावर भली मोठी चादर पडलेली होती. आदल्या क्षणापर्यंत ती तिथे नव्हती.

"अरे," बाई म्हणाल्या, आणि दम लागला म्हणून नेमक्या त्या चादरीवरच टेकल्या. "चोरी झाली रे माझ्याकडे. काल संध्याकाळी बहिणीकडून आले, बघते तर व्हरांड्यात सोफाच नाही."

डॉक्टरांचे हात मागे गेले.

"सोफ्याचं मेलं काही नाही. जुनाच होता. पण ती खार रे! सोफ्याच्या चार पायांचे डाग राहिलेत ना फरशीवर, तेवढ्यातच गोल गोल फिरतेय. काल अंधार पडेपर्यंत ओरडत होती, आज उजाडल्यापासून परत. आता तर आवाजसुद्धा फुटत नाही तिला, नुसती शेपटी हलते." बाईंनी छत्री दुसऱ्या हातात घेतली. "तू जुन्या सामानाच्या सगळ्या लोकांना ओळखतोस. कुणी विकायला आणला तर सांग, सोफा तुलाच ठेव म्हणावं, आत पिल्लं आहेत तेवढी दे. तू बघ, माझ्या शब्दाखातर थांबलास. आणि तेवढ्यात चोरट्यानं डाव साधला."

इस्त्रीवालीने माझ्याकडे पाहिलं. मी फळीवरच्या पत्र्याच्या डब्याकडे पाहिलं. आणि तेवढ्यात डब्यातून बारीकसा आवाज आला, बिजागरी कुरकुरावी तसा.

"कसला रे आवाज?" बाई म्हणाल्या.

माझी जीभ माझ्याआधी धावते. "मशिन असेल," मी म्हणाले. "तेल हवंय त्याला."

"मशिन बंद आहे, वहिनी," डॉक्टर म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि टेबलावर ठेवल्या. नुसत्या नवऱ्याकडे बघत राहिल्या. त्यांना बोलायची गरज कधी पडतच नाही, हे मला तेव्हा कळलं.

"बाई, जरा उठता का?"

बाई उठल्या. डॉक्टरांनी चादर ओढली. खाली सांगाडा, तुटलेले पट्टे, आणि सोफ्याचे ते नक्षीचे पाय, जे बाईंनी आयुष्यभर पाहिलेले. बाईंनी पायांकडे पाहिलं, मग डॉक्टरांकडे.

"तू?"

"हो बाई."

"आणि आई मेली म्हणालात ते?" इस्त्रीवाली बोलून गेली. तिचा फ्लॅनेलचा तुकडा डब्यातच होता.

"खोटं बोललो."

आणि मग त्यांनी एक अशी गोष्ट केली की एरवी मी ती गल्लीभर करून दाखवली असती. या पन्नाशीच्या, पांढऱ्या केसांच्या माणसाने उजवा हात पुढे केला. तळवा वर. शाळेत छडी खायला करतात तसा. आपण काय करतोय हे त्यांना कळलं नसावं. कळलं तेव्हाही हात मागे घेता येईना.

बाई त्या हाताकडे बघत राहिल्या. "हात काय दाखवतोस?" त्या म्हणाल्या. "सोफा उचल."

पण तो तसाच कसा उचलायचा? खारीला ओळखू आला पाहिजे. डॉक्टरांनी कचऱ्याचं पोतं जमिनीवर उलटं केलं आणि त्यातून आदल्या दिवशी ओरबाडून काढलेलं घरटं वेचायला बसले. कापूस, दोरे, बाईंच्या जुन्या पडद्याची लक्तरं, कुणाकुणाचे केस. डॉक्टरीणबाई शेजारी बसल्या आणि काथ्याच्या चुऱ्यातून दोरे वेगळे करू लागल्या. पट्टे परत ठोकले, गोणपाट दाभणाने टाचलं, खालचं फाटकं कापड होतं तसंच परत लावलं, भोकासकट. वडिलांच्या वेळेपासूनच्या या दुकानात पहिल्यांदाच सोफा मुद्दाम फाटका ठेवला गेला. दाभण दोनदा बोटात घुसलं.

टेंपोत मीही चढले, गल्लीची प्रतिनिधी म्हणून. डॉक्टर मागे सोफ्याशेजारी बसले, मांडीवर डबा, डब्यावर हात. खड्डा आला की डबा वर उचलून धरत.

व्हरांड्यात सोफ्याचे पाय फरशीवरच्या चार डागांवर बरोबर ठेवले. खार दिसत नव्हती. झाडात कुठेतरी मात्र एक घोगरा, तुटका आवाज चालू होता. डॉक्टर आडवे झाले, भोकातून हात घालून दोन्ही पिल्लं घरट्यात ठेवली, भोवती कापूस सारखा केला. मग उठून गुडघ्यावर बसले आणि तळवा गादीवर टेकवला. सवयीने. आणि तिथेच थांबले.

"त्या दिवशी ऊब लागली होती हाताला," ते म्हणाले. "इथंच. मी मनाशी म्हटलं, ऊन लागून तापला असेल."

बाईंनी वर पाहिलं. वर छप्पर, छपरावर झाड. "या व्हरांड्यात ऊन येत नाही," त्या म्हणाल्या.

"हो बाई. ते मला माहीत होतं."

बाईंनी आम्हाला आत नेलं आणि खिडकीचा पडदा बोटभर फट ठेवून ओढला. आम्ही तिघं फटीशी, बाई खुर्चीत, डॉक्टर खाली जमिनीवर. मी श्वाससुद्धा बेताने घेत होते, यावरून काय ते समजा.

बराच वेळ काहीच झालं नाही. मग खोडावरून ती उलटी उतरली. अर्ध्यावर थांबली. कठड्यावर आली. सोफा बघून परत वर पळाली, परत आली. एकदम भोकात घुसली. मी बाईंचा हात धरला होता, हे माझ्या नंतर लक्षात आलं. ती बाहेर आली तेव्हा तिच्या तोंडात पिल्लू होतं, आणि ते पिल्लू मफलर गुंडाळावा तसं तिच्या मानेभोवती गुंडाळलेलं. सरसर झाडावर, वरच्या ढोलीत. लगेच परत. दुसरं पिल्लू, दुसरा मफलर.

"जमलं!" माझ्या तोंडून निघून गेलं. "डॉक्टर, ऑपरेशन यशस्वी! दोन्ही पेशंट सुखरूप."

बाई हसल्या. डॉक्टरांच्या खांद्यावर थोपटायला हातही पुढे झाला त्यांचा. डॉक्टर फटीतून बाहेर बघत होते.

खार परत आली होती.

भोकात गेली. बाहेर आली, तोंड रिकामं. कठड्यावर बसून इकडे तिकडे पाहिलं. परत आत गेली. आतून काथ्या ओरबाडल्याचा आवाज आला.

"आता काय हवंय हिला?" मी म्हणाले.

"कापूस न्यायचा असेल," बाई म्हणाल्या. "वरच्या ढोलीत अंथरायला."

डॉक्टरांनी नुसतं 'हं' म्हटलं असतं तरी चाललं असतं. बाईंनी स्वतः वाट करून दिली होती, मला पटलीही होती. आम्ही चहा घेऊन घरी गेलो असतो.

"तीन होती, बाई," ते म्हणाले.

मला क्षणभर काही कळेना. मग तो चमचा आठवला, पुसून पुसून चकचकीत केलेला. खण आठवला. कुंडी आठवली.

"सगळ्यात मोठं होतं ते," डॉक्टर म्हणाले. "तेच आधी उचललं मी. गार पडलं होतं, भूक लागली असेल म्हणून चमच्यानं दूध घातलं. गाईचं. दोन घोट. नाकातून आलं बाहेर. हातातच गेलं." उजवा हात त्यांनी मांडीखाली दाबून धरला होता. "तेव्हाच बाकीची दोन परत आणून ठेवता आली असती. पण मग तिसऱ्याचं सांगावं लागलं असतं. आई मेली म्हटलं की कुणी काही विचारत नाही."

ज्या माणसाला आदल्या दिवशी मी डोहाळे विचारले होते, तो माझ्या पायाशी बसला होता.

बाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. डॉक्टर त्याचीच वाट बघत होते, हे त्यांच्या मानेवरून दिसत होतं.

बाहेर खार पाचव्यांदा भोकाशी आली. आत न जाता तिथेच बसली, मागच्या दोन पायांवर, आणि तो बसका आवाज काढायला लागली.

बाई उठल्या आणि पडद्याची ती बोटभर फट मिटवायला त्यांनी हात वर केला.

"असू द्या, बाई," डॉक्टर म्हणाले. "बघू द्या मला."

बाईंनी हात खाली घेतला. ती जाईपर्यंत डॉक्टर फटीशी बसून राहिले, आणि आम्ही दोघी त्यांच्या मागे.